झेंडूला रात्र

नानांनी मला नाशिक रोड स्टेशनवर सोडलं ते फुलांच्या पिकअपमधून. माझी गाडी सकाळी नवाची होती आणि फुलबाजार त्याच्या कितीतरी आधी भरतो, म्हणून आधी झेंडूचे क्रेट उतरले आणि मग मी. पुढे नाना, मधे आई, खिडकीशी मी आणि मागे क्रेटांच्या जागी माझ्या दोन बॅगा. स्टेशनच्या आवारात बॅगा खाली घेतल्या तेव्हा चाकांमध्ये पाकळ्या अडकलेल्या होत्या. आई माझ्याबरोबर फलाटावर यायला निघाली. नाना जागचे हलले नाहीत. मी त्यांच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन म्हटलं, "नाना, येते मी."

त्यांनी फडकं उचललं आणि समोरची काच आतून पुसायला लागले. काच स्वच्छच होती. "जाती तर जा," ते म्हणाले. "फुलाचं काम तसंबी तुझ्याच्यानं व्हायचं नव्हतं."

बस. एवढंच. मी स्वीडनला पोचले, खोलीची किल्ली मिळाली, बर्फ पडला, वितळला, पण ते वाक्य काही वितळेना. घर सोडून गेलेल्या बहुतेकांजवळ असं एखादं वाक्य असतं. तुम्ही मागे राहिलेली माणसं ते बोलून मोकळी होता आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागता. आम्हाला मात्र ते बसची वाट बघताना, भांडी घासताना, कुठेही ऐकू येतं.

आता खरं सांगायचं तर ते मीच ओढवून घेतलं होतं. आमचं शेत मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या कडेला. आजोबांपासून फुलं आणि भाजी. मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना नानांनी पॉलिहाऊस उभं केलं आणि अख्ख्या गावाला सांगितलं, "हे आमची कोमल बघणार." मी त्यांची एकुलती एक. आणि त्याच महिन्यात मी पर्यावरणाच्या पुढच्या शिक्षणासाठी परदेशी अर्ज भरत होते. शिष्यवृत्ती मिळाली ते आईला सांगितलं. मैत्रिणींना सांगितलं. नानांना सगळ्यात शेवटी, व्हिसा हातात आल्यावर. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "घरात अजून कोणाकोणाला माहीत होतं?" आणि पॉलिहाऊसकडे निघून गेले.

त्यानंतर नऊ महिने नाना माझ्याशी बोलले नाहीत. मी व्हिडिओ कॉल केला की ते उठून चौकटीबाहेर जात. पण घराबाहेर नाही हं! तिथेच कुठेतरी दाराशी उभे राहत. मग आवाज यायचा, "तिला म्हणावं, थंडी लय असंल तर कानाला बांध." आई लगेच मला सांगायची, "नाना म्हणतात, कानाला बांध." मी म्हणायची, "ऐकलं मी." आई तिकडे वळून सांगायची, "ऐकलं म्हणते." असा आमचा संसार. मला हसू यायचं आणि फोन ठेवला की रडूही यायचं. आई म्हणायची, "नाव ठेवलं कोमल आणि निघालीस बापासारखी हेकट. एकानं तरी बोला की रे!"

पण मी कशाला बोलू आधी? त्यांनी ते वाक्य परत घ्यायला हवं होतं.

आमच्या विद्यापीठात दरवर्षी जूनच्या पहिल्या शनिवारी एक जागतिक उत्सव होतो. फेस्टिवलच म्हणतात सगळे. तो पूर्ण विद्यार्थी चालवतात, प्राध्यापक पाहुण्यासारखे येतात. मोठ्या सभागृहात एका बाजूला देशोदेशींची टेबलं, खाणं, गाणी, कपडे. दुसऱ्या बाजूला जगाचे प्रश्न. पाणी, उष्णता, युद्धामुळे घर सुटलेली माणसं, कोण काय पिकवतं आणि कोण खातं. तिथे दिवसभर वादविवाद चालतात. त्या वर्षी समितीची प्रमुख होती वांजिकू, केनियाची, माझ्याच मजल्यावर राहणारी. तिची मावशी तिकडे गुलाबाच्या मोठ्या पॉलिहाऊसमध्ये फुलं कापते. ते गुलाब विमानानं युरोपात येतात आणि आमच्या इथल्या सुपरमार्केटच्या दारात बादलीत उभे असतात. वांजिकूला त्या बादल्या बघवायच्या नाहीत.

फेब्रुवारीतल्या मीटिंगला तिनं नियम मांडला. यंदा फेस्टिवलमध्ये विमानानं आलेली एकही वस्तू नको. टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "आपण सगळे विमानानंच आलोय की!" हशा झाला. मग विषय निघाला मुख्य दरवाजाच्या सजावटीचा. आदल्या वर्षी प्लास्टिकची फुलं होती. आणि मी हात वर केला.

"झेंडूची कमान मी करते," मी म्हटलं. "खऱ्या फुलांची. इथेच वाढवून."

"जमेल?" वांजिकूनं विचारलं.

"आमच्या घरी तीन पिढ्या हेच करतात."

खरं म्हणजे मी वांजिकूला उत्तर देतच नव्हते. ते उत्तर स्टेशनबाहेरच्या पिकअपसाठी होतं. पण मीटिंगच्या वहीत लिहिलं गेलं: मुख्य कमान, झेंडू, जबाबदारी कोमल.

विद्यापीठाची एक बाग आहे. ती सांभाळते इंग्रिड नावाची सत्तरीची बाई. शाळेतली नोकरी संपल्यावर हौसेनं येते, मातीत गुडघे टेकून बसते, मोजकं बोलते. तिनं तिच्या पॉलिहाऊसमधले दोन वाफे मला दिले आणि झेंडूच्या बियांचं एक पाकीट पुढे केलं. वर चित्र होतं वीतभर रोपांचं, बटणाएवढ्या फुलांचं. "हे इथे चांगलं येतं," ती म्हणाली.

मी हसले. चक्क हसले तिच्या तोंडावर. "असले आमच्याकडे बांधावर लावतात," मी म्हटलं. मला आमच्यासारखा कलकत्ता झेंडू हवा होता, उंच झाडाचा, मुठीएवढ्या केशरी फुलाचा. तसं बी मी इथल्याच एका बियांच्या दुकानातून शोधून मागवलं. इंग्रिडनं तिचं पाकीट खिशात ठेवलं.

मग मी तेच केलं जे आमच्या घरात दरवर्षी होतं. नाना भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधी दसरा शोधतात. तिथून उलटे दिवस मोजत मागे येतात आणि ज्या तारखेला बी टाकायचं तिला पेन्सिलनं गोल करतात. मग त्या गोलाला कोणी हलवू शकत नाही, लग्न असो नाहीतर पाहुणे. मी आमच्या सामायिक किचनमधल्या कॅलेंडरवर फेस्टिवलपासून उलटे मोजले, हाताशी चार दिवस जास्त धरले आणि मार्चच्या मध्यावर गोल केला. त्याच दिवशी ट्रे भरले. आठवड्यानं रोपं उगवली तेव्हा वाटलं, बघा नाना, बघा.

एप्रिलमध्ये रोपं वाफ्यात गेली आणि काय वाढली म्हणता! गुडघ्याला आली, मग मांडीला. पानं हिरवीगार. मी शेंडे खुडले, खत दिलं, रोज फोटो काढले. फिकाला, म्हणजे इथल्या चारच्या कॉफीला, सगळे माझ्या झाडांचीच चौकशी करायचे. एप्रिल संपत आला आणि एक दिवस मी वाकून एकेक शेंडा बघायला लागले. कळी नव्हती. एकाही झाडाला नव्हती. घरी एव्हाना शेंड्यात हिरवी गाठ दिसायला लागते, बोटानं कळते. मी दोन्ही वाफे बोटांनी चाचपले. नुसती पानं.

मी आणखी खत दिलं. झाडं आणखी वाढली. फेस्टिवल सहा आठवड्यांवर आला.

इंग्रिड येऊन बघून जायची, बोलायची नाही. ते न बोलणं मला टोचायचं, कारण तिच्या पाकिटातली बुटकी रोपं तिनं स्वतः एका कोपऱ्यात लावली होती आणि त्यांना कळ्या आल्या होत्या. समितीच्या मीटिंगला वांजिकूनं सरळ विचारलं, "कोमल, खरं सांग. येणार आहेत का?" मी म्हटलं, येणार. तिनं सांगितलं की मेच्या पंधरा तारखेपर्यंत कळ्या दिसल्या नाहीत तर कागदाची फुलं करायला घ्यावी लागतील. तिचंही बरोबर होतं. शंभर माणसं राबत होती, तिला दरवाजा रिकामा ठेवता येत नव्हता. पण मला त्या खोलीत नानांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. फुलाचं काम तुझ्याच्यानं व्हायचं नव्हतं.

त्या दिवशी मी हरले. आईला झाडांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "नानांना दाखव. कळी येत नाहीये."

आईचा लगेच फोन. "छान उंच आलीत की गं!"

"आई, मला उंची नकोय. दाखव त्यांना."

"दाखवते. पण ते काय बोलायचे नाहीत, सांगून ठेवते."

दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी मी वर्गात असताना फोन थरथरला. नानांच्या नंबरवरून व्हॉइस मेसेज. नऊ महिन्यांत पहिला. मी तशीच उठून बाहेर आले आणि बटण दाबलं. आधी वाऱ्याचा आवाज, मागे मोटर चालू. मग नाना. "पानं लय, कळी नाय. तिकडं दिवस कवा मावळतो?"

ना कशी आहेस, ना काही. मी लिहिलं, "आत्ता साडेआठला. पुढच्या महिन्यात दहा वाजतील."

पाच मिनिटांनी दुसरा मेसेज. "मग त्यांना रात कुठं हे? येडे, शेवंतीचे बल्ब इसरली का तू?"

मी तो मेसेज पुन्हा एकदा लावला. शेवंतीचे बल्ब! आमच्या शेवंतीवर नाना संध्याकाळी बल्बच्या माळा लावायचे. शेवंतीला उजेड दाखवला की ती फुलायचं लांबवते, आणि बाजारात फूल हवं असेल त्याच्या हिशेबानं नाना दिवे बंद करायचे. दहावीला असताना घरची लाईट मंद म्हणून मी त्या बल्बांखाली गोणपाट टाकून अभ्यास केलाय. त्याच उजेडात बसून मी पास झाले, शिकले, पदवी घेतली, आणि सातासमुद्रापार येऊन त्या उजेडाचाच विचार केला नाही. नाना दसऱ्यापासून उलटे मोजतात तेव्हा दिवस लहान होत चाललेले असतात. ते कॅलेंडरवर कुठे लिहिलेलं नसतं. मी दिवस मोजले, रात्री मोजल्याच नाहीत. इंग्रिडच्या बुटक्या झेंडूला त्याची पर्वा नव्हती, म्हणून तर ती तो देत होती.

तिसरा मेसेज आला तो हुकूमच होता. संध्याकाळी सहाला काळ्या कागदानं झाकायचं, सकाळी आठला काढायचं. एक दिवस चुकवायचं नाही. कागद पानाला टेकवायचा नाही. खत बंद. "खत कोणी घालाया सांगितलं होतं?" हा प्रश्न शेवटी. त्याला उत्तर अपेक्षित नव्हतं.

त्या संध्याकाळी मी बांबू रोवून, वर जाड काळा प्लास्टिक कागद ओढून दोन्ही वाफे झाकले. बाहेर लख्ख ऊन, लोक गवतावर आडवे पडलेले, आणि मी पॉलिहाऊसमध्ये रात्र तयार करत होते. बरोब्बर सहाला मेसेज आला. "झाकलं का?"

"झाकलं."

असं रोज सुरू झालं. सकाळी आठला "उघडलं का?" आणि संध्याकाळी सहाला "झाकलं का?" दुसरा शब्द नाही. एकदा आईनंच सांगितलं, "अगं, जेवलं की घोरणारा माणूस. पहाटे फुलांच्या तोड्याला उठायचं असतं. आता साडेनऊपर्यंत ओट्यावर बसतात फोन धरून. तुमचे सहा वाजले की नाही ते मला विचारतात."

कळी मात्र येईना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. पंधरा तारीख जवळ आली. कागदाची फुलं कशी करायची याचे व्हिडिओ समितीच्या ग्रुपवर फिरायला लागले. मला झोप लागत नव्हती. परीक्षा तोंडावर होती आणि मी वाचत होते ते डोक्यात शिरत नव्हतं.

अकरा तारखेला मी सात वाजता पॉलिहाऊसवर परत गेले, पाण्याचा कॅन तिथे विसरला होता म्हणून. बघते तर कागद बाजूला काढलेला, झाडं उन्हात उभी आणि शेजारी इंग्रिड. ती एरवी सहाच्या आत घरी जायची, झाकलेलं तिनं आजच बघितलं होतं. तिला वाटलं मुलीचं डोकं फिरलंय, झाडं गुदमरताहेत. माझा तोल गेला. मी मराठीत ओरडले. तोंडाला येईल ते ओरडले. "तुला कळतं का गं बाई काय केलंस! पंधरा दिवस, पंधरा दिवस मी इथं मरतेय!" तिला एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. ती हातमोजे काढून निघून गेली. मी कागद ओढला आणि तिथेच मातीत बसून हमसून हमसून रडले.

नानांना लिहिलं, कागद तासभर उघडा राहिला. का, ते पण लिहिलं. माझं ओरडणंही. वाटलं होतं, आता बोलणी बसणार. उत्तर आलं, "तासाभरानं काय मरत नाय झाड. जागा कोणाची हे?"

"तिची."

"मग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी इंग्रिडची वाट बघत उभी राहिले. माफी मागितली. शेवंतीचे बल्ब सांगितले, माझ्या नानांचं सांगितलं, तिच्या पाकिटाला हसले होते त्याचंही सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुझ्या परीक्षा कधी आहेत?" मी तारखा सांगितल्या. "त्या दिवशी सहाला कागद मी ओढीन," ती म्हणाली. आणि तिनं ओढला. एकही दिवस चुकवला नाही. त्या दिवसांत मी नानांना लिहायची, "झाकलं. इंग्रिडनं." ते विचारायचे, "नीट?" मी म्हणायची, "माझ्यापेक्षा नीट."

चौदा तारखेला सकाळी कागद काढला आणि बोट शेंड्यावरून फिरवलं. गाठ लागली. हिरवी, टणक, चण्याएवढी. पुढच्या झाडाला. त्याच्या पुढच्या. मी वांजिकूला फोन केला, तर ती नाइट सूटमध्येच धावत आली. तिनं खाली बसून कळ्या बघितल्या. कागदाच्या फुलांचे व्हिडिओ ग्रुपवरून गेले.

पण कळी म्हणजे फूल नव्हे. पुढचे वीस दिवस मी हवामानाचं ॲप दर तासाला बघत होते. ढग आले की कळ्या थांबायच्या. सगळ्या कळ्या शनिवारपर्यंत उमलणार नाहीत हे मला दिसत होतं आणि वांजिकूलाही. कमानीला लागतात त्याच्या निम्मीच फुलं होणार होती. आणि फेस्टिवलच्या आठ दिवस आधी पहिली तीन फुलं पूर्ण उमलली. मुठीएवढी, केशरी. घरचीच.

आणि मी अडले. आमच्यात पहिल्या तोड्याचं फूल कशालाच वापरत नाहीत. बाजार नाही, लग्न नाही, काही नाही. ते बांधावरच्या म्हसोबाला जातं, कारण शिवार त्याचं. आता स्वीडनमध्ये म्हसोबा कुठून आणू? आणि एकेक फूल मोजून लागत असताना ही तीन सोडू? वांजिकूला सांगितलं असतं तर तिनं नक्की विचारलं असतं, "सीरियसली?" मी नानांना विचारलं. मनात कुठेतरी होतं की म्हणतील, परमुलखात चालतं.

त्यांचा मेसेज आला. "पहिला तोडा जागेच्या धन्याचा. तिकडं जागा कोणी दिली?"

मी ती तीन फुलं देठासकट तोडून इंग्रिडला दिली. का, ते समजावलं. इंग्रिडनं त्यातलं एक टोपीच्या पट्ट्यात खोवलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. संध्याकाळी मला विचारलं, "फुलं कमी पडणार आहेत ना? बर्चची पानं चालतील?" शुक्रवारी ती बर्चच्या, म्हणजे इथल्या पांढऱ्या खोडाच्या झाडाच्या, फांद्या गाडीभर घेऊन आली.

कमान झाली नाही. तोरण झालं. दोन फुलं, मधे पानं, दोन फुलं, मधे पानं. वांजिकू, इंग्रिड आणि मी दुपारभर बसून ओवलं. वांजिकू ओवता ओवता म्हणाली की तिची मावशी इतकी वर्षं फुलं कापते पण तिच्या स्वतःच्या दाराला कधी फूल लागलं नसेल. शनिवारी ते तोरण मुख्य दरवाजाला लागलं आणि दहा वाजल्यापासून माणसं त्याच्याखालून आत जायला लागली. उंच माणसं वाकून जात होती. एका छोट्या मुलीला तिच्या बापानं वास घ्यायला वर उचललं. आत प्रश्नांच्या बाजूला वांजिकूनं गुलाबाच्या विमानप्रवासावर भाषण केलं आणि शेवटी दरवाजाकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी मागे वळून बघितलं.

मी दरवाजातूनच घरी व्हिडिओ कॉल लावला. आईनं उचलला. आणि मग चौकटीत नाना आले. आले आणि बसले. चष्मा पुसला, पुढे वाकून बघितलं. मी कॅमेरा तोरणावरून हळूहळू फिरवला. दहा महिन्यांत मी त्यांचं तोंड नीट बघितलं नव्हतं. गालफडं बसली होती. मी वाट बघत होते. आता म्हणतील. ते वाक्य आता परत घेतील.

"आंब्याची पानं नाय मिळाली?"

"इथं आंबा नसतो, नाना."

"हां." मग जरा थांबून, "गाठ ढिली हे तिसऱ्या फुलाची." मग आणखी थांबून, "सगळी तोडली का?"

"हो, सगळी. उमललेली होती तेवढी सगळी."

नाना भडकले. किती दिवसांनी ते माझ्यावर भडकले! "येडे, चार तरी झाडावर वाळू द्यायची! बी कशाचं धरशील मग? पुढच्या साली काय लावशील तिकडं?"

आईनं फोनकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. पुढच्या साली. तिकडं. नानांच्या लक्षातही आलं नसावं ते काय बोलून गेले, ते अजून बियांवरच तणतणत होते. "कळ्या आहेत अजून, नाना," मी म्हटलं. "त्या ठेवते."

"ठेव. चांगल्या झाडाच्या ठेव."

ते वाक्य त्यांनी परत घेतलं नाही. अजून घेतलेलं नाही. मी पण मागितलं नाही, आणि व्हिसाचं लपवलं त्याची माफी मात्र मी त्यानंतरच्या फोनवर मागितली. ते म्हणाले, "बरं बरं, जेवली का?"

दिवाळीला मी पंधरा दिवस घरी जाऊन आले. पॉलिहाऊसमध्ये नानांच्या मागे मागे फिरले, शेवंती बघितली, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, आईबरोबर जाऊन आले. जाताना ते फलाटावर आले, बॅग त्यांनी ओढली. गाडी सुटेपर्यंत उभे होते. काही बोललो नाही, पण काही राहिलंही नव्हतं.

मला लोक विचारतात, आता घर कुठलं? इकडचे विचारतात, तिकडचेही विचारतात. मी आधी काहीतरी गोल उत्तर द्यायची. या मार्चमध्ये आईनं एक फोटो पाठवला. काही विशेष नाही, आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कॅलेंडर. दसऱ्यापासून उलटे दिवस मोजून केलेला गोल तर होताच, दरवर्षीचा. पण जूनच्या पहिल्या शनिवारालाही पेन्सिलचा गोल होता. तिथून बारीक रेघा मागे मागे गेल्या होत्या, पार मार्चपर्यंत, आणि मार्चमधल्या एका तारखेला दुसरा गोल. आईनं खाली लिहिलं होतं, "हे कशाचं ते मला सांगत नाहीत. तूच विचार."

मी विचारलं नाही. त्या तारखेला सकाळी मी ट्रे भरून ठेवले, मागच्या वर्षी धरलेल्या बियांचं पाकीट समोर घेतलं आणि फोन शेजारी ठेवून बसून राहिले. इंग्रिड समोरच्या वाफ्यात तिचे बुटके झेंडू पेरत होती. आठ वाजले.

"कोमे," नानांचा आवाज आला, मागे मोटर चालू. "आज बी टाकायचं. टाकलं का?"